कुत्रा शिकला हो, पण पाहुणे?

शनिवारी रात्री फोन वाजतो. पलीकडून आक्का म्हणते, ‘उद्या येतोय रं आम्ही. यंदा पाऊस बघायचा ऱ्हायलाय.’ मला आनंद होतो. गगनबावड्यासारख्या घाटमाथ्यावर राहणाऱ्या माणसाला पाहुण्यांचं अप्रूप असतंच. कोल्हापूर इथून ५५ किलोमीटर. वर्षाकाठी पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस. आषाढ-श्रावणात असे दिवस येतात की समोरच्या घराची कौलं दिसत नाहीत आणि गगनगड तर आठ-आठ दिवस ढगातच असतो. अशा दिवसांत चार माणसं दारात आली, छत्र्या सोप्यात निथळायला लागल्या, भज्यांचा घाणा पडला, की घराला घरपण येतं.

तरीही मधली एक-दोन वर्षं असा फोन ठेवताना माझ्या पोटात बारीकसा गोळा उठत असे. खर्चाची किंवा अंथरुणं-पांघरुणं पुरतील की नाही याची ती काळजी नव्हती. काळजी होती तांब्याची.

तांब्या म्हणजे आमचा कुत्रा. रंगानं तांबूस म्हणून तांब्या. जात विचाराल तर अस्सल गावठी. या नावानं आमच्या घरी रोज एक विनोद होतो. कुणी पाहुणा ‘जरा पाण्याचा तांब्या आणा’ म्हणाला की हे महाराज कान टवकारून त्याच्यापुढं हजर.

आता कुत्र्याचं आणि पाहुण्यांचं वाकडं काय, असं तुम्ही विचाराल. वाकडं काहीच नाही. उलट दोघांचं एकमेकांवर उतू जाणारं प्रेम आहे, आणि नडतं ते तेच.

तीन नियम

तांब्यापुरते आमच्या घरात तीन नियम आहेत. पहिला, माणसांच्या पंगतीत त्यानं यायचं नाही. त्याचं ताट वेगळं, वेळ वेगळी. दुसरा, आलेल्या माणसाच्या अंगावर उडी मारायची नाही. तिसरा, दिवेलागणीनंतर फाटकाबाहेर पाऊल टाकायचं नाही. पहिले दोन नियम रीतभातीचे. तिसरा मात्र जिवाचा.

तांब्याच्या आधी आमच्याकडे मोती होता. भला मोठा, रुबाबदार. त्याला आम्ही काहीच शिकवलं नाही. खेड्यातला कुत्रा तो, त्याला काय शिकवायचं, असं मलाही वाटायचं. मी बत्तीस वर्षं शाळेत मुलांना शिस्त लावली, पण दारातल्या मुक्या जनावराला शिस्त लागते हे ध्यानात आलं नाही. एका डिसेंबरात रात्री नऊच्या सुमारास मोती फाटकाबाहेर रस्त्याच्या कडेला बसला होता. तो एकदाच ओरडला, तेही अर्धवट. बॅटरी घेऊन मी धावलो तोवर रस्ता रिकामा होता. सकाळी वरच्या बांधावर त्याचा पट्टा सापडला.

घाटमाथ्यावर राहणाऱ्यांना यात नवल वाटणार नाही. एका बाजूला करूळ आणि भुईबावडा घाटांची जंगलं, दुसऱ्या बाजूला कोल्हापूरपर्यंत पसरलेला ऊस. बिबट्याला लपायला आणखी काय हवं? आणि बिबट्याला कुत्र्याइतकं सोपं भक्ष्य नाही. डॉ. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात, उसाच्या पट्ट्यात राहणाऱ्या बिबट्यांच्या खाण्याचा अभ्यास केला होता. तो २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्या बिबट्यांच्या आहारात वजनाच्या हिशेबानं सुमारे ८७ टक्के वाटा पाळीव जनावरांचा निघाला, आणि एकट्या कुत्र्यांचा ३९ टक्के. शेळ्या-मेंढ्या, गुरं यांच्यापेक्षा कुत्रा पुढं. शेळीला आपण रात्री गोठ्यात कोंडतो. कुत्र्याला मात्र राखणीला म्हणून बाहेर सोडतो, नाही का?

म्हणून तांब्याला पहिल्यापासून शिकवलं. दीड महिन्याचं पिल्लू होतं तेव्हापासून त्याचं मुख्य जेवण आम्ही दिवेलागणीला घरात ठेवलं. देवापुढं निरांजन लागलं, घंटा वाजली, की आतल्या पडवीत त्याचं दूध-भाकरीचं ताट. काही दिवसांतच घंटेच्या आवाजाला तो जिथं असेल तिथून धावत येऊ लागला. रशियातल्या पाव्हलॉव्हनं शंभराहून अधिक वर्षांपूर्वी प्रयोगशाळेत कुत्र्यांवर जे दाखवून दिलं, ते आमच्याकडे देवघरातल्या घंटेनं केलं. ताटाशेजारी जुन्या घोंगड्याची घडी घातली, ती त्याची जागा. ‘तांब्या, जागेवर!’ म्हटलं की त्यानं घोंगड्यावर जाऊन बसायचं आणि आम्ही भाकरीचा तुकडा द्यायचा. सहा महिने लागले. काठी एकदाही उगारली नाही. जनावर शिकलं.

प्रेमळ मंडळी

आणि मग पाहुणे आले.

आमचे दाजी, म्हणजे आक्काचे यजमान, मनानं फार मोठे. दिलदार गडी. आमच्या दक्षिणेला राधानगरीच्या जंगलात दाजीपूर आहे, तिथले गवे प्रसिद्ध. मी गमतीनं म्हणतो, मला दाजीपूरच्या गव्यांची भीती नाही, पण आमच्या दाजींपुढं बोलायची छाती होत नाही. बहिणीचा नवरा, त्यातून वयानं मोठा. त्यांना ‘असं करू नका’ म्हणायचं कुणी?

पहिल्याच भेटीत त्यांनी तांब्याला मिठीत घेतलं. मी म्हणालो, ‘दाजी, त्याला उडी मारायची सवय लावायची नाही म्हणून...’ ते मोठ्यानं हसले. ‘काय मास्तर, कुत्र्याला बी साळंत घातलंसा व्हय? मुकं जनावर हाय त्ये. जीव लावतंय, लावू द्या की!’

जेवायला तांबडा-पांढरा रस्सा होता. कोल्हापूरचे पाहुणे म्हटल्यावर दुसरं काय असणार? दाजींनी पंगतीत बसल्या बसल्या एक हाड खाली टाकलं, मग दुसरं. तिसरं हाड पडायची तांब्यानं वाट पाहिली नाही, त्यानं सरळ मांडीवर पाय ठेवला. सगळी पंगत हसली. मीही हसलो, हे कबूल केलं पाहिजे.

त्या रात्री तांब्या ओकला, सकाळीही ओकला. जनावरांच्या डॉक्टरांनी समजावून सांगितलं की शिजलेलं हाड ठिसूळ होतं, त्याचे अणकुचीदार तुकडे पडतात आणि ते आतडं फाडू शकतात. कांदा-लसणानं कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशींना इजा होते. मनुका, द्राक्षं, चॉकलेट ही तर त्याला विषच. आपण ज्या प्रेमानं देतो त्या प्रेमाचा त्याच्या पोटाला उपयोग नाही.

दाजी एकटेच तसे नव्हेत. पाहुण्यांचे नाना प्रकार. एक मावशी दारातच किंचाळतात आणि दोन्ही हात वर करून पळतात. कुत्र्याला वाटतं, खेळ सुरू झाला. तो मागं धावतो. एक तरुण भाचा हाताचा पंजा तांब्याच्या तोंडात देऊन ‘चाव, चाव’ म्हणत झटापट करतो. तो भाचा मुंबईला निघून जातो, पण दुसऱ्या दिवशी दूध घालायला आलेल्या पोराच्या हाताशी तांब्या तीच झटापट करायला जातो. दात लागले नाहीत हे नशीब. लागले असते तर गाऱ्हाणं आमच्या दारात आलं असतं, आणि रास्तही असतं. शेजारचे एक निवृत्त गृहस्थ चहाला येतात आणि डोळा मिचकावत म्हणतात, ‘एकच बिस्कीट हो, एकानं काय होतंय?’

या ‘एकानं काय होतंय’चं उत्तर मला गेल्या श्रावणात मिळालं.

धुक्यातला खेळ

आक्का, दाजी, त्यांचा मुलगा, सून आणि दोन नातवंडं तीन दिवसांसाठी आली होती. गारवा होता, घर भरलेलं होतं, मजा चालली होती. रात्री जेवणं उरकली की आम्ही दोघं आत अंथरुणं घालत असू आणि मुलं सोप्यात खेळत. त्यांनी एक खेळ काढला. अंगणात धुकं, फाटकावर एक दिवा. सोप्यातून बिस्कीट असं भिरकावायचं की ते फाटकापलीकडे रस्त्यावर पडावं, आणि तांब्या काय करतो ते बघायचं.

थोरल्या नातवानं नंतर मला जसं घडलं तसं सांगितलं. पहिल्या बिस्किटाला तांब्या फाटकापर्यंत गेला आणि थांबला. मागं वळून घराकडं बघितलं. दुसऱ्या बिस्किटालाही थांबला. तेव्हा दाजी खुर्चीतून म्हणाले, ‘जा रं, घे की! कुणी मारत न्हाई.’ तिसऱ्या बिस्किटाला तो बाहेर गेला. मुलांनी टाळ्या वाजवल्या. पुढचे दोन दिवस रात्री हाच खेळ चालला.

पाहुणे गेले. तांब्या मात्र रोज रात्री जेवून झाल्यावर फाटकाशी जाऊन उभा राहू लागला. आम्ही हाक मारली की कधी यायचा, कधी नाही. त्याच आठवड्यात पावसानं फुगलेलं फाटक कडीत नीट बसेनासं झालं होतं. ‘उद्या सुताराकडून रंधा मारून घेऊ’ म्हणत मी चार दिवस घालवले होते.

पाचव्या रात्री वीज गेलेली. धुकं इतकं की बॅटरीचा झोत दोन हातांवर विरत होता. तांब्या फाटकाच्या फटीतून बाहेर गेला ते आम्हाला कळलंच नाही. कळलं ते त्याच्या किंकाळीनं. मी ओरडत धावलो. शेजाऱ्यांनी पत्र्याचा डबा बडवायला सुरुवात केली. रस्त्यापलीकडच्या झाडीत झटापटीचा आवाज आला आणि थांबला. माझ्या डोळ्यांपुढं मोतीचा पट्टा आला. पाय जागच्या जागी खिळले.

मग कुंपणाच्या दगडांवरून काहीतरी अंगणात पडलं. तो तांब्या होता. मानेवर दोन खोल जखमा, एक कान फाटलेला. थरथरत तो सरळ पडवीत गेला आणि घोंगड्यावर जाऊन बसला. त्या क्षणी त्याला आठवलेली जागा तीच होती. सकाळी रस्त्याकडेच्या चिखलात ठसे होते. वनखात्याच्या माणसानं ते बघितले आणि मान हलवली. बिबट्याच.

जखमा धुतल्या, औषधं झाली. वर्षाचं रेबीजचं इंजेक्शन आधी दिलेलं असूनही डॉक्टरांनी ते पुन्हा दिलं, कारण जंगली जनावराच्या दातांचा भरवसा नाही. तीन आठवड्यांनी तांब्या उभा राहिला. मान अजून जरा डावीकडं कलते.

चूक कुणाची?

दुसऱ्या दिवशी मी रागारागानं फोन उचलला. दाजींना चांगलं सुनवायचं ठरवलं होतं. आमच्या मंडळींनी विचारलं, ‘फोन लावताय? लावा की. पण आधी मला सांगा, रात्री त्याला बाहेर का सोडायचं नाही, हे तुम्ही दाजींना कधी सांगितलं होतं?’

मी गप्प. सांगितलं नव्हतं. ‘नको’ म्हणालो होतो, ‘का नको’ हे कधीच बोललो नव्हतो. मोतीचं काय झालं हे दाजींना ठाऊकही नव्हतं. पाहुणा देवासारखा, त्याचं मन मोडू नये, म्हणून मी मनातल्या मनात चडफडत होतो आणि तोंडानं हसत होतो. ते हसणं दाजींना परवानगीच वाटली. वाटणारच.

मंडळींनी तेवढ्यावर सोडलं नाही. ‘आणि पाहुण्यांनाच का नावं ठेवायची? आत्याबाई रोज जेवताना ताटातली भाकरी त्याला देतात. तुम्ही रविवारी चहाबरोबर खारीचा कोपरा देता. मला दिसत नाही असं वाटतं?’

आई चौऱ्याऐंशीची. ती म्हणते, ‘आरं, कुत्र्याचा घास बाजूला काढायची रीत हाय आपली. नामदेव म्हाराज तर भाकरी पळवलेल्या कुत्र्यामागं तुपाची वाटी घिऊन धावलं हुतं.’ तिचं खोटं नाही. दत्ताच्या पायाशी कुत्री आहेत, खंडोबाबरोबर कुत्रा आहे. या जनावराला घास देणं आपल्या रक्तातच आहे. पण घास देणं वेगळं आणि पंगतीत भीक मागायला लावणं वेगळं, हे आम्ही कुणीच तिला नीट समजावलं नव्हतं.

म्हणजे नियम माझा होता, घराचा नव्हता. तो पाहुण्यांनी मोडला असं म्हणायला मुळात तो घरात धड उभा तरी कुठं होता? पाहुण्यांनी फक्त भोक मोठं केलं.

‘कधीतरी’चा मटका

तांब्याचं पुढं काय करावं म्हणून मी थोडं वाचलं. स्किनर नावाचे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ होऊन गेले. ते उंदरांवर प्रयोग करीत. उंदरानं कळ दाबली की खाण्याची एक गोळी. या गोळ्या ते स्वतःच बनवीत. एका शनिवारी दुपारी त्यांच्या ध्यानात आलं की शिल्लक गोळ्या सोमवार सकाळपर्यंतच पुरतील, नाहीतर उरलेली दुपार गोळ्या पाडण्यात घालवावी लागेल. तेव्हा त्यांना प्रश्न पडला की दर वेळी गोळी द्यायलाच हवी का? मधूनमधून देऊन बघू. आणि दिसलं भलतंच. मधूनमधून खाऊ मिळणारा उंदीर कळ दाबणं सोडायला तयार होत नाही. खाऊ अजिबात बंद झाला तरी तो कितीतरी वेळ दाबतच राहतो. दर वेळी खाऊ मिळणारा मात्र लवकर नाद सोडतो. पुढं १९५७ साली फर्स्टर आणि स्किनर यांनी या विषयावर मोठा ग्रंथच लिहिला.

हे वाचलं आणि मला आमच्याकडचे मटक्याचे आकडे लावणारे आठवले. रोज लागत नाही, कधीतरी लागतो, म्हणून तर माणूस रोज लावतो! पाहुण्याचं ‘एकच बिस्कीट’ हा तांब्याचा मटका होता. रोज पंगतीत घास मिळाला असता आणि एक दिवस बंद झाला असता, तर तो चार दिवसांत विसरला असता. पण महिन्यातून एकदा, कुणीतरी, केव्हातरी देतं, हे त्याला कळलं होतं. त्यामुळं तो कायम आशेवर. रोज रात्री फाटकाशी उभा राहणारा तांब्या हट्टी नव्हता, तो आपला आकडा लागायची वाट बघत होता. कुत्रा चुकीचं शिकला नव्हता. आम्ही सगळ्यांनी मिळून शिकवलं तेच तो बरोबर शिकला होता.

मग काय केलं?

सर्वांत आधी फाटकाला रंधा मारला आणि नवी कडी बसवली, आपोआप पडणारी. ज्या नियमावर जीव अवलंबून आहे तो कुणाच्या आठवणीवर सोडू नये, त्याला लोखंडाचा आधार द्यावा.

मग घर एक केलं. आईला सांगितलं, कुत्र्याचा घास रोज काढायचा, पण तो त्याच्या ताटात, दिवेलागणीला, आणि मान तुझा. आता घंटा वाजवून तीच ताट ठेवते. पुण्य तिचं, शिस्त तांब्याची. माझा खारीचा कोपरा बंद झाला. पहिले दहा-बारा दिवस तांब्यानं कहर केला, कुंई-कुंई काय, पाय आपटणं काय! हे असं होतंच. नळाला पाणी येईनासं झालं की आपण आधी नळ आणखी जोरानं पिळतो, मगच सोडून देतो. त्या पिळण्याच्या वेळी कुणी कळवळून घास दिला की सगळं मुसळ केरात, कारण मग जोरानं पिळलं की पाणी येतं असा धडा मिळतो. आम्ही टिकलो. तो थांबला.

तिसरी गोष्ट पाहुण्यांची. अमेरिकेत डॉल्फिनना शिकवणाऱ्या कॅरन प्रायर नावाच्या बाईंनी १९८४ साली एक पुस्तक लिहिलं. जनावर आणि माणूस दोघांनाही लागू पडणारं त्यांचं एक सांगणं मला पटलं. नको ती गोष्ट करू नको म्हणण्यापेक्षा, तिच्याबरोबर करता येणार नाही अशी दुसरी गोष्ट करायला द्या. बसलेला कुत्रा उडी मारू शकत नाही. मी म्हटलं, हेच पाहुण्यांना लावू. त्यांना मनाई नको, काम द्यावं.

सोप्यातल्या फळीवर एक डबा ठेवला आहे. त्यात वाळवलेल्या भाकरीचे नखाएवढे तुकडे. पाहुणा आला की डबा त्याच्या हातात. ‘हा तुमचा. तांब्या बसला की एक तुकडा द्या, उठला की नाही.’ प्रेम करायची हौस भागते आणि नियमही पक्का होतो. पाहुणे येतात तेव्हा पहिली दहा मिनिटं तांब्या आत बांधलेला असतो. आल्या-आल्याची गडबड ओसरली की बाहेर येतो. पंगत बसली की पडवीचं दार बंद. ती शिक्षा नव्हे, आत त्याचं घोंगडं आहे, कुरतडायला जुन्या दोराची गाठ आहे. लहान मुलांना एकच खेळ शिकवतो: कुत्रा जवळ आला की झाड व्हायचं. हात अंगाशी, पाय जमिनीत, डोळे खाली, आवाज नाही. झाडाशी खेळण्यात कुत्र्याला गंमत नसते, तो निघून जातो. आणि आईबापांना सांगून ठेवतो की घरचा असो वा रस्त्यावरचा, कुत्र्याचा दात किंवा ओरखडा लागला तर पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली साबणानं धुवायचं आणि सरळ दवाखाना गाठायचा. त्यात भीड नको आणि घरगुती उपाय तर मुळीच नकोत.

हे सगळं सांगायचं केव्हा? पाहुणा दारात उभा असताना नव्हे, आदल्या रात्री फोनवर. दारात सांगितलं की माणसाला अपमान वाटतो. आधी सांगितलं की त्याला विश्वासात घेतल्यासारखं वाटतं.

दाजींना मी फोन केला तो दीड महिन्यानं, राग निवल्यावर. सगळं सांगितलं. मोतीचं, त्या पट्ट्याचं, तांब्याच्या मानेचं. माझ्या न बसलेल्या कडीचंही सांगितलं. पलीकडं बराच वेळ काही आवाज नाही. मग दाजी हळू आवाजात म्हणाले, ‘मास्तर, ह्ये आधी का न्हाई सांगितलंसा?’

याला माझ्याकडं उत्तर नव्हतं.

मध्यंतरी आम्ही पुण्याला लेकीकडं गेलो होतो. नातीला जेवताना मोबाइल द्यायचा नाही असा त्यांच्या घरचा नियम. तिनं दोन घास टाळले आणि मी म्हणालो, ‘असू दे गं, एक दिवसानं काय होतंय?’ लेक काही बोलली नाही, फक्त हसली. ते हसू मी चटकन ओळखलं. मी हसायचो तसंच ते होतं. गगनबावड्यात मी यजमान, पण पुण्यात मी दाजी! मोबाइल परत खिशात ठेवला आणि तिला म्हणालो, ‘तुमचे नियम काय आहेत ते मला सांगून ठेव बाई, आणि का आहेत तेही सांग.’ तिनं सांगितले. मला वाईट वाटलं नाही. उलट त्या घरात आपण नुसते पाहुणे उरलो नाही असं वाटलं.

दिवाळीत दाजी आले. दारातच त्यांनी हात मागं बांधले आणि विचारलं, ‘डबा कुठाय?’ तांब्या समोर आला, मान कलती करून बघत राहिला आणि बसला. दाजींनी तुकडा दिला. त्याच्या फाटक्या कानावरून बोट फिरवलं. बोलले काहीच नाहीत.

दुपारी शेजारचे ते गृहस्थ चहाला आले. सवयीनं त्यांनी बिस्कीट मोडलं आणि हात खाली नेला. मी तोंड उघडायच्या आत दाजींचा आवाज घुमला, ‘ओ पावनं! साळा हाय हितं. आधी डबा घ्या, मग त्याला बसवा, मग द्या.’ गृहस्थ ओशाळले. सगळे हसलो. या खेपेला मीही मोकळेपणानं हसलो.

त्या रात्री मला मध्येच जाग आली. बाहेर बॅटरीचा उजेड हलत होता. खिडकीतून बघितलं तर दाजी, अंगाला घोंगडी गुंडाळून, फाटकाशी उभे. कडी एकदा वर करून त्यांनी पुन्हा खाली टाकली. बसली आहे ना, याची खात्री केली आणि हळूच आत येऊन झोपले. सकाळी मी त्यांना विचारलं नाही.